ग्राही संच, स्वस्त : डहाणू व तलासरी परिसर

प्रेषण केंद्राकडून येणारे रेडिओ तरंग ग्रहण करून, त्यांतील ध्वनिसंकेत वेगळा काढून व त्याचे विवर्धन करून तो ध्वनिक्षेपकाद्वारे ऐकविणाऱ्या उपकरणास ग्राही संच म्हणतात. व्यवहारात त्याला रेडिओ, ट्रॅन्झिस्टर अथवा नुसते ‘संच’ म्हटले जाई. अलीकडे ‘होम थिएटर’ या नावाने विकला जाणारा अनेक ध्वनिक्षेपकांचा संच हाही त्याच कुळातील होय. कारण त्याच्या मध्यवर्ती पेटीत ग्रहण, निवड व विवर्धन ही तीनही कार्ये एकत्र केलेली असतात. अशा संचांचा तांत्रिक इतिहास बहुधा शोधकांच्या व कारखान्यांच्या बाजूने लिहिला जातो. तथापि अल्प किंमतीचा संच घेणाऱ्याने त्याची परीक्षा कोणत्या कसोटीवर केली, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांचा परिसर त्या दृष्टीने लक्षणीय आहे. कारण येथे संचाच्या किंमतीपेक्षा त्याच्या चालू खर्चाचा आणि त्यातून ऐकू येणाऱ्या भाषेचा प्रश्न नेहमीच अधिक बिकट राहिला.

हा प्रदेश महाराष्ट्राच्या वायव्य टोकास आहे. पश्चिमेस अरबी समुद्र व लोहमार्ग, चिकूच्या बागा, डहाणू, बोर्डी, घोलवड यांसारखी बाजारपेठेची व बागायतीची गावे. पूर्वेस डोंगराळ व वनाच्छादित भाग आणि त्यात विखुरलेले पाडे, अशी त्याची ठेवण आहे. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी, मल्हार कोळी इ. जमातींची येथे वस्ती असून २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यातील सु. नऊदशांश लोक अनुसूचित जमातींचे आहेत. १९६० मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा बराच भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्राकडे राहिलेल्या गावांचा पुढे तलासरी तालुका झाला. दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. शाळेत व कचेरीत मराठी, पेठेत गुजराती आणि घरात वारली किंवा अन्य बोली, असा येथील भाषाव्यवहार असून ग्राही संचाच्या इतिहासात या गोष्टीला पुढे विशेष महत्त्व येते.

आरंभीचा काळ : मुंबईत हौशी रेडिओ क्लबचे प्रक्षेपण १९२३ मध्ये सुरू झाले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते झाले. या कंपनीचे उत्पन्न प्रामुख्याने श्रोत्यांच्या परवाना-शुल्कावर व आयात संचांवरील आकारणीवर अवलंबून होते. परवाना वर्षाला दहा रुपयांचा होता आणि संच परदेशी बनावटीचे होते. मुंबई व कलकत्ता अशी दोन केंद्रे असूनही परवानाधारकांची संख्या तीन वर्षांत काही हजारांच्या पुढे गेली नाही व १९३० मध्ये कंपनी बंद पडली. त्यानंतर सरकारने हे काम आपल्याकडे घेतले आणि ८ जून १९३६ पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. यादरम्यान आयात संचांवरील जकात वाढविण्यात आली. म्हणजे ज्या काळात श्रोते वाढावेत अशी अपेक्षा केली जात होती, त्याच काळात संच महाग करण्यात येत होते.

डहाणूच्या डोंगराळ भागातील माणसाच्या दृष्टीने हे आकडे काय होते, हे मजुरीच्या दरावरून कळते. १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभेची परिषद झाली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला. (लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यास लग्नगडी म्हणत.) शेतावरील कामास दिवसाला किमान बारा आणे मजुरी मिळावी, ही त्या लढ्यातील एक मागणी होती. मिळत असलेला दर त्याहून कमी होता म्हणूनच ती करावी लागली. दहा रुपयांचा वार्षिक परवाना या मागितलेल्या दरानेही तेरा दिवसांच्या मजुरीहून अधिक भरतो. संच, विद्युत्‌ घटमाला आणि दुरुस्ती निराळी. त्यामुळे या काळातील वारल्यांच्या रेडिओविषयीच्या मतांचा प्रश्नच उद्‌भवत नाही. बातमी तोंडोतोंडी येई आणि तिची शहानिशा करण्याचे साधन नसे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे खोट्या निरोपावरून जमलेल्या समुदायावर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याचा वृत्तांत गोदावरी परुळेकर यांच्या जेव्हा माणूस जागा होतो  (१९७०) या ग्रंथात आला आहे. सरकारी नभोवाणीचा संच एखाद्या पाड्यावर असता, तरी त्या दिवशी तो उपयोगी पडला असता असे मात्र मानता येत नाही.

स्वस्त संचाची कल्पना अन्यत्र : गरिबाला परवडेल असा संच मुद्दाम घडविण्याचे प्रयत्न परदेशांत १९३० नंतर झाले. जर्मनीत १९३३ मध्ये ‘फोल्क्सएम्फेंगर’ म्हणजे लोकग्राही हा ७६ मार्कांचा संच काढण्यात आला. त्याची किंमत कमी होती. पण हेतू राजवटीचा प्रचार घरोघर पोहोचविण्याचा होता. दूरच्या केंद्रांसाठी त्याची ग्रहणक्षमता तोकडी होती. याच्या उलट जातीचे उदाहरण उत्तर ऱ्होडेशियातील (आजच्या झँबियातील) होय. तेथील माहिती खात्याचे हॅरी फ्रँकलिन यांनी पाठपुरावा केल्यावर एव्हर रेडी कंपनीने १९४९ मध्ये ॲल्युमिनियमच्या पातेल्याच्या सांगाड्यात बसविलेला चार नलिकांचा संच तयार केला. त्याची किंमत पाच पौंड होती आणि एका शुष्क घटमालेवर तो सु. ३०० तास चाले. ‘सॉसपॅन स्पेशल’ या नावाने तो प्रसिद्धी पावला. या संचाचे वेगळेपण किंमतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत होते : लुसाका केंद्रावरून स्थानिक आफ्रिकी भाषांत कार्यक्रम होत आणि श्रोते केंद्राला मोठ्या संख्येने पत्रे लिहीत. घटमाला किती तास टिकते व आपल्या भाषेत कोणी बोलते का, या दोन प्रश्नांची उत्तरे तेथे एकाच वेळी देण्यात आली होती. महाराष्ट्रात ती एकत्र मिळण्यास बराच काळ जावा लागला.

सामुदायिक संच : स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी सबंध देशात नभोवाणीची केवळ सहा केंद्रे व सु. पावणेतीन लाख ग्राही संच होते. प्रत्येक घरात संच जाणे दूरचे असल्याने गावाला एक संच द्यावा व तो चावडीत, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठेवावा, असे धोरण स्वीकारण्यात आले. मुंबई राज्यानेही ग्रामीण प्रक्षेपणासाठी संच पुरविण्याची व त्यांची देखभाल करण्याची व्यवस्था उभारली.

हे संच निर्वात नलिकांचे होते. अशा नलिकेला दोन प्रकारचा विद्युत्‌ पुरवठा लागतो : तंतू तापविण्यासाठी कमी दाबाचा आणि पट्टिकेसाठी उच्च, सामान्यतः ९० व्होल्टच्या आसपास दाबाचा. ज्या गावी वीज नाही तेथे हे काम जड व महागड्या घटमालेकडून करून घ्यावे लागे. ती संपली की नवी येईपर्यंत संच मुका राही. घटमाला गावच्या दुकानात मिळत नसे आणि नलिका बदलण्याचे कसब गावात कोणाकडे नसे. त्यामुळे संचाची मालकी गावाची असली, तरी त्याचे आयुष्य तालुक्याच्या ठिकाणाहून येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या फेरीवर अवलंबून राही. शिवाय पेटीची किल्ली एका व्यक्तीच्या हाती असे. जो संच सर्वांचा, तो प्रत्यक्षात किल्लीवाल्याचा, हे सामुदायिक संचाचे वैगुण्य होते. पाड्यापाड्यांनी विखुरलेल्या वस्तीत तर ते अधिकच जाणवण्यासारखे होते. कारण चावडी एका पाड्यात आणि ऐकणारे दुसऱ्या पाड्यात, मधे ओहोळ व रान, अशी स्थिती असे. सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी दिवसभर राबलेला माणूस अंधारातून किती वेळा चालत जाईल, याचा अंदाज योजनेच्या कागदपत्रांत क्वचितच दिसतो.

पुण्याचा प्रयोग : ग्राही संचाविषयी ग्रामीण श्रोत्यांचे मत पद्धतशीर रीतीने अजमावण्याचा महाराष्ट्रातील, किंबहुना भारतातील, पहिला मोठा प्रयत्न १९५६ मध्ये झाला. यूनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नासिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत नभोवाणी शेतकरी मंडळे स्थापन केली. कॅनडामध्ये १९४१ पासून चालू असलेल्या शेतकरी मंडळांचा आदर्श त्यामागे होता. प्रत्येक मंडळात सु. वीस सभासद असत. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र ऐकावा, त्यावर चर्चा करावी, निष्कर्ष व शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्यात आणि केंद्राने त्यांची उत्तरे प्रक्षेपित करावीत, अशी पद्धत होती. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि समाजशास्त्रज्ञ पॉल नॉइराथ यांनी त्याचे मार्गदर्शन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना संच असूनही मंडळ नसलेल्या आणि मुळीच संच नसलेल्या गावांशी करण्यात आली.

निष्कर्ष मोठा बोलका होता. मंडळांच्या गावांत श्रोत्यांच्या माहितीत ठळक वाढ आढळली. निरक्षर सभासदही त्यात मागे नव्हते. ज्या गावांत नुसता संच ठेवलेला होता, तेथील वाढ मात्र किरकोळ होती. संच देणे म्हणजे ऐकण्याची सोय करणे नव्हे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. ज्या संचातून आपल्या शंकेचे उत्तर परत येते, तो संच श्रोत्यांनी आपला मानला. या यशानंतर १९५९ मध्ये हा उपक्रम देशभर विस्तारण्यात आला. परंतु प्रयोगाच्या वेळी कार्यकर्त्यांनी ठेवलेला निकटचा संपर्क विस्तारानंतर टिकविणे कठीण होते.

योगायोगाने याच केंद्रावरून याच सुमारास (एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६) ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण  प्रक्षेपित होत होते. त्या वेळी संचाला हार घालून, भोवती बसून ऐकणाऱ्या कुटुंबांच्या आठवणी नोंदल्या गेल्या आहेत. पुणेरी मध्यमवर्गीयाने संच घेतला तो बहुधा अशा कार्यक्रमांसाठी. खतावरील भाषणासाठी कोणी संच विकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

पुण्याच्या प्रयोगात ठाणे जिल्हा नव्हता. डहाणू-उंबरगावचा प्रदेश मुंबई केंद्राच्या टापूतील असल्याने ते साहजिकही होते. पण त्यामुळे आदिवासी श्रोत्याचे मत त्या प्रसिद्ध पाहणीत आले नाही. पुढील काळात श्रोत्यांचे मत म्हणून जे जमा झाले, ते मुख्यतः पत्रांच्या रूपाने. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’सारख्या फर्माइशीच्या कार्यक्रमांना येणारी पोस्टकार्डे हे त्याचे परिचित उदाहरण होय. ज्याला लिहिता येत नाही किंवा ज्याच्या बोलीत लिहिण्याची प्रथा नाही, त्याचे मत अशा संग्रहात सापडत नाही. ते त्याच्या वर्तनातच शोधावे लागते : त्याने कोणता संच घेतला, कशासाठी तो दुरुस्त केला आणि कोणता कोपऱ्यात टाकून दिला.

ट्रॅन्झिस्टरचे आगमन : ट्रॅन्झिस्टर वापरलेला पहिला व्यापारी संच अमेरिकेत १९५४ मध्ये विक्रीस आला व पाठोपाठ जपानी कंपन्यांनी लहान आकाराचे संच बनविले. भारतात १९६० नंतरच्या दशकात ते सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू लागले. ठाण्याचा मर्फीचा व पुण्याचा फिलिप्सचा कारखाना हे महाराष्ट्रातील मोठे उत्पादक होते; शिवाय बुश, नेल्को इ. नावे घरोघर माहीत होती. यांखेरीज सुटे भाग जुळवून बिननावाचे स्वस्त संच तयार करणारे कारागीर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या पेठांपर्यंत पसरले. नामांकित संच घेणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांचा पहिला संच पुष्कळदा असा जुळणीचा असे.

ट्रॅन्झिस्टरने घडविलेला बदल आकाराचा होता त्याहून अधिक विद्युत्‌ पुरवठ्याचा होता. नलिकेच्या संचाला लागणारी उच्च दाबाची घटमाला आता नको झाली. तीन ते नऊ व्होल्टवर, म्हणजे विजेरीत घालतात त्याच दोन, चार किंवा सहा मसाल्यांवर संच चालू लागला. (शुष्क घटास ग्रामीण भागात ‘मसाला’ किंवा ‘सेल’ म्हणतात.) विजेरी ही रानातून वावरणाऱ्या माणसाची आधीपासूनची गरज होती, सापाविंचवाच्या प्रदेशात ती चैन मानली जात नाही. तिचे मसाले आठवड्याच्या बाजारात मिळत. त्यामुळे रेडिओसाठी वेगळी पुरवठासाखळी उभारावी लागली नाही. ती विजेरीने आधीच उभारून ठेवली होती. रेडिओ ओढू शकत नाही इतके क्षीण झालेले मसाले विजेरीत घालावेत, दोन्हींतून उतरले की उन्हात ठेवून पुन्हा थोडा वेळ वापरावेत, ही काटकसर महाराष्ट्रातील खेड्यांत सार्वत्रिक होती. उष्णतेने घटातील रासायनिक विक्रियेचा वेग तात्पुरता वाढतो, म्हणून या उपायात तथ्यही होते.

यावरून धारकांच्या कसोट्या स्पष्ट होतात. शहरी ग्राहक पेटीच्या लाकडाकडे, पट्ट्यांच्या संख्येकडे, स्वराच्या गोडव्याकडे पाही. वीज नसलेल्या पाड्यातील धारकाच्या लेखी ‘कमी खाणारा’ संच चांगला. आवाज मोठा असावा अशी त्याचीही इच्छा असे, कारण अंगणात बसून आठ-दहा जण ऐकत; परंतु मोठा आवाज म्हणजे लवकर संपणारे मसाले, हे गणित त्याला दर आठवड्याला खिशातून सोडवावे लागे. त्याखालोखाल महत्त्व होते ते टिकाऊपणाला. पावसाळ्यातील दमट हवा, चुलीचा धूर, कुडाच्या भिंती व खुंटीला टांगलेला संच, अशा स्थितीत बटणे व आवाज-नियंत्रक प्रथम खराब होत. चामडी आवरण हे शोभेसाठी दिलेले असले, तरी ते संरक्षणासाठी जपले जाई. आणखी एक गुण कारखानदारांच्या जाहिरातींत फारसा नसे, पण येथे मोलाचा होता : संच बरोबर नेता येई. भातकापणीनंतर वीटभट्टी, मिठागरे, गवतकापणी किंवा मच्छीमारी नौकांवर काम शोधण्यासाठी येथील अनेक कुटुंबे काही महिने बाहेर जातात. गावाचा सामुदायिक संच त्यांच्या दृष्टीने त्या काळात नसल्यासारखाच होता. ट्रॅन्झिस्टर मात्र गाठोड्यात जाई.

ग्रहण व भाषा : मध्यम तरंग दिवसा मुख्यतः भूपृष्ठाला धरून जातात आणि खाऱ्या पाण्यावरून त्यांचे शोषण जमिनीच्या मानाने बरेच कमी होते. त्यामुळे किनाऱ्यालगत मुंबई केंद्र चांगले लागे, तर पूर्वेकडील डोंगरांच्या आड ते क्षीण होई. संचातील फेराइट दांड्याची आकाशक (अँटेना) विशिष्ट दिशेनेच अधिक ग्रहण करते, म्हणून संच फिरवून फिरवून ‘जागेवर’ आणावा लागे. खुंटीची जागा कधीकधी यावरूनच ठरे. रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरची केंद्रे ऐकू येत. त्यांत एकमेकांत मिसळणारी गुजराती व हिंदी केंद्रेही असत. लघुतरंग असलेला संच घेणाऱ्याचा मुख्य हेतू पुष्कळदा रेडिओ सिलोन हा असे. १९५२ पासून तेथून होणारी ‘बिनाका गीतमाला’ आणि तिचे निवेदक अमीन सयानी यांचा आवाज हिंदी न बोलणाऱ्या प्रदेशांतही ओळखीचा झाला होता. आकाशवाणीने १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू केली, तिच्या मुळाशी ही स्पर्धा होती.

मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांत शेतकऱ्यांसाठी, कामगारांसाठी वेगळी सभा असे आणि ‘प्रपंच’, ‘पुन्हा प्रपंच’सारख्या श्रुतिकांना अफाट लोकप्रियता लाभली. या कार्यक्रमांची मराठी मात्र मुंबई-पुण्याची होती. घरात वारली बोलणाऱ्याला ती समजे, पण तिच्यात त्याचे जग नसे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात शाळाच अंगणात व गुरे चरण्याच्या कुरणात नेण्याचा मार्ग त्यांना काढावा लागला. मुलाने शाळेकडे यावे ही अपेक्षा तेथे निष्फळ ठरली होती. नभोवाणीने असा उलटा प्रवास क्वचितच केला. आदिवासी लोकगीते ध्वनिमुद्रित होत व प्रक्षेपितही होत, पण ती इतरांनी ऐकावीत अशा बेताने. याचा परिणाम असा, की येथील धारकाने संचाचा उपयोग प्रामुख्याने गाण्यांसाठी केला. गाण्याला भाषेचा अडसर कमी असतो. शेतीच्या कार्यक्रमाकडे श्रोते पाठ फिरवितात, ही अधिकाऱ्यांची तक्रार त्या अर्थाने खरी असली, तरी तिचे कारण श्रोत्यांच्या उदासीनतेत शोधणे योग्य ठरणार नाही.

परवाना व दुरुस्ती : प्रत्येक संचासाठी डाकघरातून वार्षिक परवाना घ्यावा लागे व त्याच्या पुस्तिकेवर दरवर्षी शुल्काची नोंद करून घ्यावी लागे. स्वस्त संचाच्या बाबतीत हा खर्च बोचत असे, कारण शुल्क संचाच्या वापराप्रमाणे बदलत नसे. विनापरवाना संच हा गुन्हा असल्याने, डाकघर दूर असलेल्या पाड्यातील धारक आपल्या संचाविषयी परक्याशी बोलण्यास फारसा उत्सुक नसणार, हेही उघड आहे. मतांची नोंद न होण्याचे ते एक कारण मानता येईल. परवाना-पद्धत १९८० नंतरच्या दशकात रद्द झाली. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल ट्रॅन्झिस्टर मिळतो, अशी समजूत १९७० च्या आसपास देशभर पसरलेली होती व तिच्यावरून विनोदही होत. अशा काळी फुकट मिळालेला संच घरात असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण राहिले नाही. दुरुस्तीचे काम डहाणूरोडसारख्या पेठेच्या गावी होई. बाजारच्या दिवशी संच टाकायचा व पुढच्या बाजारी न्यायचा, हा क्रम असल्याने दुरुस्तीची मुदत आपोआप आठवड्याची ठरे. ज्या संचाचे भाग सहज मिळत, तो मूळ किंमतीने थोडा महाग असला तरी अंती स्वस्त पडे.

ध्वनिफीत ते ‘होम थिएटर’ : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, परंतु दूरचित्रवाणी संचाला वीज अपरिहार्य होती. विजेच्या बाबतीत या परिसराची स्थिती विपरीत म्हणावी अशी होती. दक्षिणेस तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू होते आणि १९९५ च्या सुमारास खुद्द डहाणूत ५०० मेगॅवॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांकडे जाई. डोंगरातील कित्येक पाड्यांवर त्या वेळीही मसाल्यांचाच आधार होता. त्यामुळे १९८० नंतर लोकप्रिय झालेला, रेडिओ व ध्वनिफीत-वादक एकत्र असलेला ‘टू-इन-वन’ संच येथे दूरचित्रवाणीच्या आधी रुळला. तो मसाले अधिक खाई, कारण फीत फिरविण्यासाठी चलित्र (मोटर) लागते. तरीही तो स्वीकारला गेला. त्यात काय वाजवायचे हे प्रथमच धारकाच्या हाती आले होते.

याच दिशेने पुढील पाऊल म्हणजे स्वस्त विवर्धक. एकात्मित मंडलामुळे (आयसीमुळे) संपूर्ण विवर्धक एका चकतीवर मावू लागला. सान्यो कंपनीच्या एलए ४४४० या मंडलावर आधारलेली ‘चव्वेचाळीस चाळीस’ पट्टी देशभरच्या दुरुस्ती दुकानांत परिचयाची आहे. ती १२ व्होल्टवर, म्हणजे जीपच्या किंवा मोटारीच्या विद्युत्‌ घटमालेवर चालते. वीज नसलेल्या ठिकाणी लग्नाचे वाजविणे त्यामुळे शक्य झाले. चित्रपटगृहांत १९९२ नंतर पाच दिशांचे ध्वनिक्षेपक व एक मंद्रध्वनिक्षेपक अशी अंकीय ध्वनिरचना आली. तिची घरगुती आवृत्ती म्हणून निघालेल्या संचांचे नाव या साध्या जोडण्यांनाही चिकटले. खऱ्या होम थिएटर ग्राहीमध्ये प्रत्येक दिशेचा ध्वनिसंकेत वेगळा काढण्याची सोय असते. पेठेत त्या नावाने मिळणाऱ्या अल्पमोली संचांत पुष्कळदा एकच संकेत सर्व ध्वनिक्षेपकांना वाटून दिलेला असतो. खोक्यावर ‘पीएमपीओ’ या परिमाणाने हजारो वॉट छापलेले असत. तो क्षणिक कमाल शक्तीचा फुगविलेला आकडा असून सतत मिळणारी शक्ती त्याच्या अल्पांशाने असे. ही तफावत ग्राहकाला ठाऊक नसते असे समजण्याचे कारण नाही. दुकानात संच लावून, मंद्र स्वराचा ठोका छातीवर जाणवतो की नाही हे पाहूनच तो निवडला जातो. छापील आकड्यापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वसनीय आहे.

या संचांच्या धारकांच्या तक्रारीही जुन्याच वळणाच्या आहेत : विजेचा दाब कमी-अधिक झाला की रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) किंवा विवर्धक जळतो, दूर-नियंत्रक हरवला की अर्धी बटणे निरुपयोगी होतात, आणि पट्टी बदलता येते पण नियंत्रक मंडल मिळत नाही. मात्र रेडिओच्या सबंध काळात न सुटलेला एक प्रश्न येथे अनपेक्षितपणे सुटला. या संचाला स्मृतिपट (मेमरी कार्ड) व यूएसबी लावण्याची सोय असते, आणि मोबाइल भरणा करणाऱ्या दुकानांतून थोड्या पैशांत गाणी भरून मिळत. हिंदी चित्रपटगीतांबरोबर वारली बोलीतील लग्नगीते आणि तारप्याच्या चालींवर बांधलेली नवी नाचगाणी अशा रीतीने पाड्यापाड्यांत पसरली. तारपा हे दुधी भोपळा व बांबू यांपासून केलेले सुषिरवाद्य असून नाचणारे वादकाभोवती फेर धरतात. आवाजाभोवती जमण्याची ही रीत येथे संचाच्या कितीतरी आधीची आहे.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्राची ‘अस्मिता’ वाहिनी ५५८ किलोहर्ट्‌झवर मराठी कार्यक्रम देत आली आहे, पण अल्पमोली नव्या संचांत मध्यम तरंगांची पट्टीच बहुधा नसते. त्यांत केवळ एफएम असते आणि तिचा पल्ला डोंगरांच्या आड तोकडा पडतो. त्यामुळे किनाऱ्यापासून आत गेल्यावर ज्या घरात जुना दोन पट्ट्यांचा ट्रॅन्झिस्टर अद्याप चालू आहे, तेथेच मुंबई केंद्र ऐकता येते. पावसाळ्यात वादळाने वीज व मोबाइलचे मनोरे बंद पडले, की खुंटीवरचा असा संच खाली काढला जातो. मात्र त्याचे मसाले तेवढे शिल्लक असावे लागतात.